शिकून तयार झालेल्या सरपंचताईंना घरी का पाठवता? ग्रामविकास विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री आणि वरिष्ठ अधिकारी,
ग्रामविकास विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: सरपंचपदाच्या महिला आरक्षणाचा फेरा आणि सरपंचांचं प्रशिक्षण याबाबत

महोदय,

सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणवर्गांत मी अनेक वर्षं शिकवते आहे. या कामात एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. चहाच्या सुट्टीत तो हमखास निघतो. कधी एखादे विस्तार अधिकारी विचारतात, कधी वर्गाबाहेर मोटारसायकलवर बसून राहिलेला एखाद्या सरपंचताईंचा नवरा विचारतो. "मॅडम, खरं सांगा, कुणालाही उभं केलं म्हणून ती सरपंच होते का? पुढारपण अंगात असावं लागतं."

हा प्रश्न महिला आरक्षणातून आलेल्यांबद्दलच विचारला जातो. ज्याचे वडील आणि आजोबा त्याच खुर्चीत बसले होते, अशा सरपंचाच्या अंगात पुढारपण आहे का, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. तरीही प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्याच्या उत्तरावर आरक्षणाचे नियम, प्रशिक्षणाचा खर्च आणि गावागावांतल्या हजारो बायकांची उमेदीची वर्षं ठरतात. म्हणून मला जे दिसलं ते आपल्यासमोर मांडते आहे, आणि शेवटी एक ठोस मागणी करणार आहे.

पंचायतींत महिलांसाठी जागा राखीव ठेवणारी ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली. आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्मी पदं आपल्या राज्यात महिलांसाठी राखीव आहेत. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती धरल्या, तर एका वेळी १४ हजारांच्या आसपास सरपंचपदं महिलांकडे असतात. या येतात कुठून? माझ्या वर्गात शिवणकाम करणाऱ्या असतात, किराणा दुकान सांभाळणाऱ्या असतात, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या, बचत गटाचं दप्तर लिहिणाऱ्या, बांधकामावर बिगारी म्हणून राबलेल्या असतात. बीडकडच्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्याही भेटल्या. एखादी डी.एड. झालेली, एखादी इंजिनिअर सून. बहुतेकजणी पहिल्या दिवशी एकच वाक्य बोलतात, "मला यातलं काही कळत नाही, घरच्यांनी फॉर्म भरला."

त्यांना कळत नाही असं मला वाटत नाही. आपलं काम आपल्याला काय काय शिकवून गेलंय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

एका सरपंचताईंचं सांगते. लग्नाआधी आणि लग्नानंतरही कितीतरी वर्षं त्या शहरात मिस्त्रीच्या हाताखाली घमेली वाहत होत्या. नंतर कुटुंब गावी परतलं, जागा राखीव निघाली आणि त्या निवडून आल्या. वर्गात त्या फारशा बोलायच्या नाहीत. अंदाजपत्रक कसं वाचायचं ते मी फळ्यावर शिकवत होते. लांबी, रुंदी, जाडी, दर. सिमेंट रस्त्याचं उदाहरण घेतलं, तेव्हा त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, "मॅडम, जाडी काठाला मोजतात, मध्ये कुणी मोजत नाही." मग त्यांनी सगळ्या वर्गाला समजावलं. काठाला सेंट्रिंगच्या पाट्या पुरत्या सहा इंची लावायच्या, पण मधला मुरूम तसाच फुगीर ठेवायचा. वरून काँक्रीट ओतलं की सगळं सपाट दिसतं. साहेब येतात, काठाला टेप लावतात, मोजमाप पुस्तिकेत सहा इंच लिहितात आणि निघून जातात.

गावी गेल्यावर त्यांच्याच वस्तीतल्या रस्त्याचं काम सुरू झालं. काँक्रीट पडायच्या आदल्या संध्याकाळी त्या तिथे गेल्या, दोन्ही काठांच्या पाट्यांवर आडवी दोरी ताणली आणि मधोमध टेप खाली सोडला. काठाला सहा, मध्ये जेमतेम चार. ठेकेदार त्यांच्या दिराचा मित्र होता. घरात दोन दिवस चूल धड पेटली नाही म्हणतात. पण मुरूम खरवडून काढल्याशिवाय काँक्रीट टाकू देणार नाही आणि बिलावर सही करणार नाही, हे त्यांनी शाखा अभियंत्यासमोर सांगितलं आणि ते करून घेतलं. हे त्यांना मी शिकवलेलं नाही. मी फक्त एवढंच सांगितलं होतं की अंदाजपत्रकाची प्रत मागणं हा सरपंचाचा हक्क आहे आणि सही न करणं हाही सरपंचाचाच अधिकार आहे.

मला या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. गावचा कारभार म्हणजे पाणी, रस्ता, दिवाबत्ती, गटार, शाळा-अंगणवाडीची इमारत आणि या सगळ्याचा हिशेब. यातली प्रत्येक गोष्ट गावातल्या कुणा ना कुणाच्या हाताखालून रोज जाते. किराणा दुकान चालवणाऱ्या एका ताईंनी रोकडवही वाचायला घेतली आणि पाच मिनिटांत विचारलं, "मालाच्या पावतीवर पाच तारीख आहे आणि कामाचा आदेश बारा तारखेचा. आदेशाआधीच माल आला का?" बचत गटाचं दप्तर लिहिणारीला नमुना नंबर ५ (रोकडवही) आणि नमुना नंबर ९ (करमागणीची नोंदवही) यांची भीती वाटत नाही. दहा-बारा बायकांचं कर्ज, व्याज, थकबाकी तिनं वर्षानुवर्षं तोंडपाठ ठेवलेली असते. थकलेल्या घरपट्टीच्या यादीकडे ती वेगळ्या नजरेनं बघते, कारण न देणारा आणि देऊ न शकणारा यांतला फरक तिला माहीत असतो.

आपल्या राज्याला हे नवं नाही. नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणीत स्टोअरकीपर होते. त्यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली आणि त्यांच्या लढ्यामुळे १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. पुण्यात ज्या साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, त्याच १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या बायकांनी महापालिकेशी वाटाघाटी केल्या, ओळखपत्रं मिळवली, पुढे स्वतःची सहकारी संस्था काढली. कोणत्या धंद्यातून पुढारी येतात, असा प्रश्न विचारला तर उत्तर एकच आहे. जिथे माणसं एकत्र राबतात आणि त्यांच्यावर अन्याय होतो, तिथून येतात.

तरीही माझं उत्तर "हो, कुणीही" असं नाही. ते म्हणणं सोपं आहे, टाळ्याही मिळतात, पण ते खरं नाही. दोन गोष्टी मी कुणाला शिकवू शकलेले नाही, आणि कोणत्याही वर्गात त्या शिकवता येतील असं मला वाटत नाही. पहिली म्हणजे इच्छा. ज्या बाईला हे पद मुळीच नको आहे, जिला सासरच्यांनी जबरदस्तीनं बसवलं आहे आणि जी पाच वर्षं कधी संपतात याची वाट बघते आहे, तिच्यावर कितीही प्रशिक्षण ओता, उपयोग नाही. हे पुरुषांनाही लागू आहे. दुसरी म्हणजे आपल्याच माणसाला नाही म्हणण्याची ताकद. विरोधकाला नाही म्हणणं कुणालाही जमतं. दिराच्या मित्राला, मामेसासऱ्यांना, पॅनेलप्रमुखाला नाही म्हणणं ही खरी परीक्षा. घरकुलाच्या यादीत जावेचं नाव घालायला नकार देणारी बाई मी पाहिली आहे, आणि त्या एका नकारापायी माहेरी जाऊन राहावं लागलेलीही पाहिली आहे. ही ताकद कुणात असते, कुणात नसते. शिक्षणाशी तिचा संबंध मला कधी दिसला नाही.

इथे थोडं शिक्षणाच्या अटीबद्दल. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला सरपंच व्हायचं तर किमान सातवी उत्तीर्ण असावं लागतं, असा नियम आपल्याकडे २०१७ पासून आहे. हरियाणात यापेक्षा कडक अट आली आणि डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वैध ठरवली. कायद्याच्या दृष्टीनं तो विषय मिटला असेल. पण वर्गात मला जे दिसतं ते असं की सातवीची रेष ज्यांना वगळते त्या बहुतेक भटक्या, आदिवासी आणि ऊसतोड कुटुंबांतल्या मुली असतात, ज्यांची शाळा आईबापांसोबतच्या स्थलांतरात सुटली. काठाला सहा इंच आणि मध्ये चार ओळखणाऱ्या त्या सरपंचताई चौथीपर्यंत शिकल्या आहेत. त्यांचा जन्म १९९५ च्या आधीचा, म्हणून त्या बसल्या. त्यांची मुलगी तेवढीच शिकली असती, तर तिला बसता आलं नसतं.

आता निम्म्या उरलेल्या उत्तराकडे येते. ते व्यक्तीमध्ये नाही, व्यवस्थेत आहे, आणि ते आपल्या हातात आहे.

वित्त आयोगाचा निधी आता ई-ग्रामस्वराज प्रणालीतून खर्च होतो. ग्रामसेवक, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतो ते, रक्कम भरतात आणि सरपंच आपल्या डिजिटल स्वाक्षरीनं ती मंजूर करतात. ही स्वाक्षरी एका छोट्या डोंगलमध्ये असते. प्रत्येक वर्गात मी विचारते, "डोंगल कुणाकडे आहे?" उत्तरं ठरलेली असतात. "यांच्याकडे." "ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये." "कपाटात आहे, किल्ली भाऊसाहेबांकडे (म्हणजे ग्रामसेवकाकडे)." एका ताईंनी पर्समधून काढून दाखवला तेव्हा मला आनंद झाला, पण त्याच्या मागे चिकटपट्टीखाली पिन लिहिलेली होती आणि अक्षर पुतण्याचं होतं. ओटीपी ज्या मोबाईलवर येतो, तो नंबरही बहुतेक वेळा नवऱ्याचा असतो.

आपण "सरपंचपती" या प्रकारावर भाषणं करतो. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयानं २०२३ मध्ये यासाठी समिती नेमली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिचा अहवाल आला आणि त्यात बाईच्या नावानं कारभार करणाऱ्यांवर जरब बसेल अशा दंडाची शिफारस आहे. दंड असावा. पण दंडाची तक्रार करायची कुणी? बाईनं नवऱ्याविरुद्ध? त्यापेक्षा डोंगलपासून सुरुवात करा. वर्गात मी प्रत्येकीला स्वतः डोंगल लावायला, स्वतः पिन बदलायला, आणि मंजुरीचं बटण दाबण्याआधी चार गोष्टी मोठ्यानं वाचायला लावते: काम कोणतं, रक्कम किती, पैसे कुणाच्या खात्यात, निधी बंधित की अबंधित. बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छतेचा, जो १५ व्या वित्त आयोगानं ६० टक्के ठेवला होता. तेवढं वाचता आलं की बायकांच्या चेहऱ्यावरचा भाव बदलतो. त्यातल्या काहीजणी घरी जाऊन डोंगल मागतात. सगळ्यांना मिळत नाही. ज्यांना मिळतो त्यांचा कारभार त्या दिवसापासून सुरू होतो.

मग पैशाचा प्रश्न. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावच्या सरपंचाला महिन्याला ३ हजार मानधन होतं, ते २०२४ मध्ये ६ हजार झालं. वाढ झाली ही चांगली गोष्ट. पण ज्या बाईचं घर मजुरीवर चालतं, तिचा दिवस पंचायत समितीच्या बैठकीत गेला की त्या दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. ऊसतोडीला जाणाऱ्या एका सरपंचताईंना २६ जानेवारीची ग्रामसभा घेता आली नाही, कारण त्या तेव्हा कोल्हापूरकडे फडात होत्या. उचल घेतलेली, मुकादम सोडत नव्हता. गावात चर्चा झाली की बाईला जबाबदारी कळत नाही. सहा महिने पोट कुठून भरायचं, हे कुणी विचारलं नाही. पुढारपण अंगात आहे की नाही, हे तपासायच्या आधी पुढारपण करायला हातात दिवस आहे का, ते बघायला हवं.

आणि मग वेळ. इथे मला सविस्तर बोलायचं आहे, कारण माझी मुख्य मागणी याचीच आहे.

आपण सगळे ज्या गावांची उदाहरणं देतो, ती आठवा. हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ ते गावाच्या कामात राहिले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, पाण्याचा दरवर्षीचा ताळेबंद, बोअरच्या पाण्यावर शेती न करण्याचा निर्णय, यांतलं काहीही एका मुदतीत रुजलेलं नाही. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्या कामाला तीस वर्षं झाली होती. राळेगणसिद्धीला अण्णा हजारे १९७५ मध्ये सैन्यातून परतले आणि तिथेच राहिले. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावात देवाजी तोफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासगट चालवला, सर्वसहमतीनं निर्णय घ्यायची सवय लावली. सामूहिक वनहक्क मिळायला २००९ उजाडलं आणि स्वतःच्या बांबूची वाहतूक परवानगी स्वतः द्यायचा अधिकार मिळायला २०११. या माणसांचं मोठेपण मी कमी करत नाही. पण त्यांना शिकायला, चुकायला, सुधारायला आणि पुन्हा करून बघायला दशकं मिळाली. त्यांतल्या कुणालाही पाच वर्षांनी "तुमची पाळी संपली" असं सांगितलं गेलं नाही.

माझ्या सरपंचताईंना मात्र हेच सांगितलं जातं. पहिलं वर्ष शपथ, सत्कार आणि घाबरण्यात जातं. दुसऱ्या वर्षी त्या दप्तर वाचू लागतात. तिसऱ्या वर्षी त्यांचा स्वतःचा पहिला विकास आराखडा तयार होतो. चौथ्या वर्षी त्यातलं एखादं काम उभं राहतं. पाचव्या वर्षी तहसीलला सोडत निघते, चिठ्ठी बदलते, जागा सर्वसाधारण होते आणि पॅनेलप्रमुख सांगतात, "वहिनी, आता पुरुषांना संधी द्या." कायद्यानं सर्वसाधारण जागेवर बाईला उभं राहायला कुणी अडवलेलं नाही. पॅनेल अडवतं, भावकी अडवते. जी बाई पाच वर्षांत तयार झाली, ती सहाव्या वर्षी पुन्हा खुरपायला जाते आणि शेजारच्या गावात नवी ताई पहिल्या पानापासून सुरुवात करते. शासनाचा पैसा आणि तिची मेहनत, दोन्ही पाण्यात.

हे केवळ माझं निरीक्षण नाही. पश्चिम बंगाल आणि राजस्थानमधल्या पंचायतींचा राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे प्रमुखपद बाईसाठी राखीव होतं, तिथे पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झाला, आणि गावातल्या बायकांची मागणीही तीच होती. पुढे २००९ मध्ये डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधला आणखी एक अभ्यास मांडला. त्यांनी गावकऱ्यांना एकच भाषण ऐकवलं, कधी पुरुषाच्या आवाजात, कधी बाईच्या. जिथे कधीच बाई प्रमुख नव्हती, तिथल्या पुरुषांनी तेच भाषण बाईच्या तोंडून ऐकलं की तिला कमी गुण दिले. जिथे बाईचा कारभार पाहून झाला होता, तिथे हा दुजाभाव उरला नव्हता. आणि माझ्या मागणीसाठी सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष असा: ज्या पंचायतींत मागच्या सलग दोन निवडणुकांत प्रमुखपद बाईसाठी राखीव होतं, तिथे बायका जास्त संख्येनं उभ्या राहिल्या आणि जास्त संख्येनं निवडून आल्या.

एकदा पुरत नाही. दोनदा लागतं. गावालाही लागतं आणि बाईलाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. सरपंचपदाचं महिला आरक्षण एका गावात सलग दोन मुदती, म्हणजे १० वर्षं ठेवावं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-ड मध्ये पदांचं आरक्षण आळीपाळीनं फिरवायला सांगितलं आहे, पण ती पाळी पाचच वर्षांची असावी असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. तामिळनाडूमध्ये दोन मुदतींनी फेरा बदलण्याची पद्धत आहे. आपल्याकडे हे नियमांत बदल करून होऊ शकतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो मी स्वतःच मांडते. दोन मुदती ठेवल्या तर अनुसूचित जाती-जमाती आणि मागास प्रवर्गाची पाळी ज्या गावात यायची आहे, तिथे ती आणखी लांबेल. त्या समाजांनी आधीच भरपूर वाट पाहिली आहे, आणि बायकांच्या नावानं त्यांना आणखी थांबवणं मला मान्य नाही. त्यामुळे प्रवर्गाचा फेरा आज फिरतो तसाच फिरू द्यावा. फक्त महिला आरक्षण दोन मुदती राहावं. काही गावांत त्यामुळे पहिल्या ताईंना पुन्हा उभं राहता येणार नाही, कारण पुढची जागा दुसऱ्या प्रवर्गातल्या महिलेची असेल. चालेल. तरीही त्या गावाला सलग १० वर्षं बाईचा कारभार बघायची सवय लागेल. आणि जिथे प्रवर्ग तोच राहील, तिथे तयार झालेली बाई मतदारांसमोर आपलं काम घेऊन जाऊ शकेल. लोकांना ती नको असेल तर ते पाडतील. आज हा निर्णय मतदाराऐवजी चिठ्ठी घेते.

याच्या जोडीला तीन गोष्टी, ज्यांना कायदाही बदलावा लागणार नाही. निवडून आल्यापासून महिन्याभरात, पहिला आराखडा मंजूर होण्याआधी, पहिलं प्रशिक्षण व्हावं. ते जिल्ह्याच्या ठिकाणी न ठेवता दहा-पंधरा गावांच्या मध्ये एखाद्या मोठ्या गावात ठेवावं, लेकरांना सांभाळायची सोय असावी आणि त्या दिवसाची मजुरी भरून मिळावी. डिजिटल स्वाक्षरी सरपंचाच्या स्वतःच्या मोबाईल नंबरवर, तिच्याच हातात, तिच्याकडून एक व्यवहार करून घेतल्यावरच सुपूर्द करावी. आणि माजी सरपंचताईंना प्रशिक्षक म्हणून घ्यावं. दोरी ताणून जाडी मोजणाऱ्या ताई एका तासात जे शिकवतील ते मला आठवड्यात जमणार नाही. आज त्यांना कुणी बोलावत नाही, कारण प्रशिक्षकासाठी पदवीची अट आडवी येते.

अधिकाऱ्यांनाही एक विनंती आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचांना अपात्र ठरवणारा आदेश रद्द केला. बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचलं नाही, आणि निवडून आलेल्या लोकप्रतिनिधीला दूर करण्याचा प्रश्न यंत्रणेनं फार सहज हाताळला, असं न्यायालयानं त्यात म्हटलं आहे. अतिक्रमण, शौचालय, मुदतीत न दिलेलं एखादं प्रमाणपत्र, अशा तक्रारींची सुनावणी करताना तक्रार कोणत्या महिन्यात आली, तेही बघा. सरपंचताईंनी एखाद्या बिलावर सही नाकारली आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या सासऱ्यांच्या घराच्या अतिक्रमणाची तक्रार आली, असं मी वर्गात अनेकींकडून ऐकलं आहे. दोन कागद शेजारी ठेवले तर त्यांचा संबंध दिसतो.

ज्यांची मुदत आत्ता चालू आहे, त्यांच्यातल्या कितीतरीजणी यंदा कुठे पहिल्यांदा स्वतःचा आराखडा लिहीत आहेत. पुढची सोडत निघेपर्यंत नियम तेच राहिले, तर त्यांतल्या बहुतेकींचं काम तिथेच थांबेल. नियमांचा मसुदा काढून त्यावर हरकती मागवायला आणि जिल्हाधिकाऱ्यांना सूचना द्यायला वेळ लागतो, म्हणून हे काम सोडतीच्या वर्षात न करता आत्ता हाती घ्यावं. मसुद्याच्या चर्चेला माजी सरपंचताईंना बोलवा. कोणत्या तालुक्यातून कोण येऊ शकेल याची यादी करायला मी आणि माझ्यासारखे इतर प्रशिक्षक आनंदानं मदत करू.

आपली नम्र,
ग्रामपंचायतींच्या प्रशिक्षणवर्गांत शिकवणारी एक प्रशिक्षक